मद्यजन्य यकृतविकार आणि व्यसनमुक्ती उपचार

दीर्घकाळ मद्यपान केल्याने यकृताला जडणाऱ्या आजारास मद्यजन्य यकृतविकार म्हणतात. या रुग्णांच्या बाबतीत व्यसनमुक्ती हा यकृतोपचाराला जोडलेला दुय्यम भाग नसून त्याचा पाया होय. मद्यपान चालू असताना यकृत सावरेल असे कोणतेही औषध उपलब्ध नाही. प्रस्तुत लेखात हा उपचार यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात दिला आहे.

आजाराचे स्वरूप

प्रथम यकृतात चरबी साठते. या अवस्थेत बहुधा त्रास जाणवत नाही आणि दारू पूर्ण थांबल्यास काही आठवड्यांत चरबी ओसरते. त्यापुढे यकृताचा दाह व शेवटी सिरोसिस, म्हणजे यकृत निबर होऊन आक्रसणे, ही अवस्था येते. तेव्हा पोटात पाणी होणे (जलोदर), रक्ताची उलटी, भ्रम अशी लक्षणे दिसतात. मोहाची दारू, देशी दारू वा महागडी विदेशी दारू असा भेद यकृत करीत नाही. पोटात गेलेले एकूण मद्यार्क महत्त्वाचे असते.

ग्रामीण भागात अशा रुग्णाची पहिली ओळख ‘कावीळ’ म्हणून होते. गळ्यात माळ घातली जाते, झाडपाल्याचे औषध व पथ्य सुरू होते. पथ्याच्या काळात दारूही सुटलेली असते, त्यामुळे यकृत थोडे सावरते, डोळ्यांचा पिवळेपणा उतरतो आणि श्रेय माळेला मिळते. रुग्ण बरा झालो असे समजून पुन्हा गुत्त्याकडे वळतो. निदानाची मोलाची संधी बहुतेक वेळा येथेच हुकते.

दारू तोडताना

रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडल्यास 6 ते 24 तासांत हातांना कंप, घाम, अस्वस्थता सुरू होते. काहींना पहिल्या दोन दिवसांत झटके येतात. दोन ते चार दिवसांच्या सुमारास भास व तीव्र भ्रम होऊ शकतो. तो उपचाराविना जिवावर बेततो. म्हणून ‘घरात कोंडून ठेवणे’ हा उपाय धोक्याचा आहे.

या काळात दिली जाणारी डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड ही औषधे दुबळ्या यकृतात साचून राहतात व गुंगी वाढते. त्यामुळे यकृतरुग्णांत लोराझेपाम किंवा ऑक्झाझेपाम पसंत केले जाते. थायामिन (ब-1 जीवनसत्त्व) देणे आवश्यक असते. कुपोषित मद्यपीला ते न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन लावल्यास मेंदूला कायमची इजा होण्याचा संभव असतो.

पुन्हा पिणे टाळण्यासाठी औषधे

डायसल्फिराम घेतल्यावर दारू प्यायल्यास चेहरा लाल होणे, धडधड, उलट्या असा त्रास होतो. हे औषध स्वतः यकृताला अपायकारक ठरू शकते, म्हणून यकृतविकारात ते टाळतात. ‘नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींना भुलून कुटुंबीय अज्ञात गोळ्या व पुड्या जेवणात मिसळतात. त्यात डायसल्फिराम असल्यास यकृतरुग्णाचा जीवही जाऊ शकतो. पत्नीची अगतिकता समजण्याजोगी असली तरी हा मार्ग सर्वथा त्याज्य आहे.

सिरोसिसच्या रुग्णांवर बॅक्लोफेनचा नियंत्रित अभ्यास झालेला आहे. 2007 मध्ये इटलीत 84 रुग्णांवर केलेल्या चाचणीत बॅक्लोफेन घेणारे 71 टक्के, तर नकली गोळी घेणारे 29 टक्के रुग्ण दारूपासून दूर राहिले. भ्रमावस्थेत मात्र ते जपून वापरावे लागते. अकॅम्प्रोसेट मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे यकृतावर भार येत नाही. मूत्रपिंड सशक्त असणे मात्र आवश्यक. नाल्ट्रेक्सोन यकृताच्या तपासण्या करीत विचारपूर्वक देतात.

आहार

पथ्याच्या नावाखाली रुग्णाला उपाशी ठेवण्याची प्रथा घातक आहे. स्नायू झिजलेल्या रुग्णाला प्रथिने भरपूर लागतात. जिल्ह्यात पिकणाऱ्या तुरीचे वरण त्यासाठी उत्तम. रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाणेही हितावह असते. जलोदर असल्यास मीठ, पापड, लोणचे कमी करावे लागते.

समुपदेशन आणि जिल्ह्यातील स्थिती

औषधे शरीराची ओढ कमी करतात. ओढ लागण्याची कारणे समुपदेशनातच उलगडतात. महाराष्ट्रात या कामाला डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या मुक्तांगण केंद्राने दिशा दिली. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा विनामूल्य असतात.

यकृतरुग्णाची अडचण वेगळी आहे. व्यसनमुक्ती केंद्रात सहसा यकृताचा तज्ज्ञ नसतो आणि रुग्णालयात पोटातील पाणी काढून रुग्णाला घरी पाठवले की व्यसनाचा विषय संपतो. दोन्ही विभाग एका छताखाली असणे म्हणूनच महत्त्वाचे. यवतमाळ येथील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना 1989) हे जिल्ह्यातील प्रमुख शासकीय रुग्णालय आहे.

शेजारचा वर्धा जिल्हा दीर्घकाळ दारूबंदीखाली आहे. चंद्रपुरात 2015 ते 2021 बंदी होती. यवतमाळातही महिलांनी जिल्हाबंदीची मागणी वारंवार केली आहे. गावात बंदी झाली की व्यसनी माणसाची दारू अचानक तुटते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. गडचिरोलीतील मुक्तिपथ अभियानाने (2016 पासून) गावबंदीबरोबरच तालुका पातळीवर उपचार उपलब्ध करून दिले. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा 14416 हे राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक निःशुल्क आहेत.