शिस्तीचा कायदा आणि न्यायाची वाट

शिस्त हा आरमाराचा प्राण आहे, हे कोणीही नाकारणार नाही. भर समुद्रात कप्तानाची आज्ञा वादाचा विषय होऊ लागली तर नौका तरणार नाही. परंतु शिस्त आणि न्याय ही एकमेकांची वैरी आहेत, असे जे गृहीत धरले जाते, ते तपासून पाहिले पाहिजे. न्यायाची वाट बुजली म्हणजे शिस्त केवळ धाकावर उभी राहते आणि धाक सरताच कोसळते. याचा पुरावा शोधण्यासाठी ठाणे-मुंबईबाहेर जाण्याचे कारण नाही.

१९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ‘तलवार’ या नौदल केंद्रावर कमांडर किंग याने नाविकांना उद्देशून अर्वाच्य भाषा वापरली. नाविकांनी लगेच बंड केले नाही. त्यांनी रीतसर तक्रारी केल्या. सामूहिक तक्रार नियमात बसत नव्हती, म्हणून प्रत्येकाने आपापली तक्रार वेगळी दिली. ती ऐकण्यास बसला तो किंगच! खोट्या तक्रारीचे परिणाम गंभीर असतात, अशी समज देऊन त्याने नाविकांना फेरविचार करण्यास सांगितले. १८ फेब्रुवारीला संप सुरू झाला. निकृष्ट अन्न, अपुरे वेतन आणि वर्णभेद यांचा असंतोष आधीपासून साचलेला होताच. ठाण्याच्या ‘अकबर’पासून कराचीपर्यंत सुमारे वीस हजार नाविक त्यात उतरले. २३ फेब्रुवारीला त्यांनी माघार घेतली. सूडबुद्धीने कारवाई होऊ नये यासाठी प्रयत्न करण्याचे आश्वासन नेत्यांनी दिले होते. तरीही शेकडो नाविकांना नोकरीस मुकावे लागले. सर फझल अली यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाच्या अहवालातही या साचलेल्या असंतोषाची नोंद झाली.

स्वातंत्र्यानंतर १९५७ चा नौदल कायदा आला. काही बाबतींत तो भूदलाच्या कायद्याहून पुढारलेला आहे. भूदलात वरिष्ठांच्या मान्यतेवाचून कोर्ट मार्शलचा निकाल पक्का होत नाही. नौदलात मृत्युदंड वगळता अशा मान्यतेची गरज नाही. तरीही मूळ दोष राहिलाच. खटला भरण्याचा निर्णय नौदलाचा, पाच ते नऊ अधिकाऱ्यांचे न्यायमंडळ नौदलाने नेमलेले आणि त्याला कायदा समजावून सांगणारा विधी अधिकारीही व्यवहारात नौदलाचाच. शिवाय युद्धनौकेचा प्रमुख अधिकारी संक्षिप्त सुनावणीत नाविकाला तीन महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा देऊ शकतो.

सरकारी कचेरीतील कारकुनाला खातेनिहाय चौकशीचा अनुभव नवा नाही. पण त्याच्या पाठीशी राज्यघटनेचे ३११ वे कलम असते. नाविकाला ते संरक्षण नाही. उलट ३३ व्या कलमान्वये सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला आहे. कोर्ट मार्शलच्या निकालावर पुराव्याची फेरतपासणी करणारे एकही अपील नसावे, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये पृथीपालसिंग बेदी खटल्यात खेद व्यक्त केला. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा होण्यास २००७ साल उजाडले आणि न्यायाधिकरणाचे काम सुरू झाले ते २००९ मध्ये. मुंबईतही त्याचे खंडपीठ आहे. या न्यायाधिकरणाच्या निर्णयांबाबत उच्च न्यायालयाचे दरवाजे बंद नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

ही प्रगती निःसंशय मोलाची आहे, पण ती अपुरी आहे. न्यायाधिकरणाच्या कायद्यात संक्षिप्त सुनावणीचा स्पष्ट उल्लेख आहे तो बडतर्फीची शिक्षा झाली असेल तेवढ्यापुरताच. आणि ज्या संरक्षण मंत्रालयाविरुद्ध दाद मागायची, त्याच मंत्रालयाच्या छत्राखाली ही न्यायसंस्था २००७ च्या कायद्याने उभी केली.

अशा सुधारणांनी शिस्त सैल होईल, हा आक्षेप नेहमीचाच आहे. ज्या ब्रिटनकडून आपण हा साचा घेतला, त्याचा अनुभव काय सांगतो? नौदलाच्या सेवेतीलच अधिकारी कोर्ट मार्शलमध्ये विधी अधिकारी म्हणून बसणे हे निःपक्ष न्यायाच्या तत्त्वाशी विसंगत आहे, असा निर्णय युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००३ मध्ये ग्रीव्हज खटल्यात दिला. ब्रिटनने आपली पद्धत बदलली. त्याचे आरमार त्यामुळे बुडाले नाही.

भारताने करावयाच्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. खटला भरणारा अधिकारी आज्ञाश्रेणीपासून स्वतंत्र असावा. विधी अधिकारी मुलकी न्यायसेवेतून यावा. कैदेच्या प्रत्येक शिक्षेवर, ती कितीही अल्प असो, बाहेर अपील असावे. न्यायाधिकरण कायदा मंत्रालयाकडे सोपवावे. युद्धकाळासाठी आणि दूर सागरातील नौकांसाठी वेगळी तरतूद करता येईल. पण अपवादालाच नियम मानण्याचे कारण नाही.

नाविक गणवेश चढवतो तेव्हा काही हक्क स्वखुशीने सोडतो. न्याय मागण्याचा हक्क मात्र त्यांत मोडत नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यानेच ती ऐकावी, ही रीत १९४६ मध्ये महागात पडली. तिचे अवशेष कायद्याच्या पुस्तकातून पुसून टाकणे हे नाविकावरील उपकार नव्हेत. शिस्तीच्याच हिताचे ते काम आहे.