आरसी क्रॉलर : खडक चढणाऱ्या गाड्यांचे प्रकार

रेडिओलहरींनी नियंत्रित होणाऱ्या आरसी गाड्यांमध्ये क्रॉलर हा सर्वांत संथ प्रकार. न घसरता, न उलटता खडक चढणे हेच त्याचे काम. एकाच कामासाठी बनलेल्या या गाड्या दिसायला आणि चालवायला मात्र खूप वेगळ्या असतात. मोटर कुठे बसवली आहे आणि वजन कुठे ठेवले आहे, यावर हा फरक मुख्यतः ठरतो.

काही गोष्टी बहुतेक क्रॉलरमध्ये सारख्याच असतात. साध्या गाडीत एक चाक हवेत उचलले गेले की डिफरेन्शियलमुळे, म्हणजे दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरमुळे, सगळा जोर त्या मोकळ्या चाकात वाया जातो. म्हणून क्रॉलरचे डिफरेन्शियल लॉक केलेले असते. त्यामुळे वळायला जास्त जागा लागते. टायर मऊ रबराचे, आत हवेऐवजी फोम. रिमला किंवा टायरला बारीक छिद्रे असल्याने दाब पडताच आतली हवा निघून जाते आणि टायर दगडाच्या कंगोऱ्यावर चेपून पकड घेतो. रिमोटचा ट्रिगर सोडताच स्पीड कंट्रोलर मोटर रोखून धरतो, त्यामुळे गाडी चढावर जागच्या जागी थांबते.

जपानच्या तामिया कंपनीच्या 1987 च्या क्लॉड बस्टर या गाडीत दोन्ही अ‍ॅक्सलवर एकेक मोटर होती आणि चारही चाके वळत. हौशी मंडळींनी सुरुवातीचे अनेक क्रॉलर याच गाडीत फेरफार करून बनवले. पुढे 2007 मध्ये अमेरिकेच्या अ‍ॅक्सियल कंपनीने एएक्स10 हा खास खडकांसाठीचा क्रॉलर बाजारात आणला.

सर्वांत लोकप्रिय प्रकार स्केल किंवा ट्रेल क्रॉलरचा. बहुतेक गाड्या 1:10 प्रमाणात आणि 1.9 इंची रिमच्या असतात. बॉडी जीप किंवा लँड रोव्हर डिफेंडरसारख्या खऱ्या गाडीची हुबेहूब नक्कल. मोटर चॅसीवर बसते आणि प्रॉपेलर शाफ्टमधून दोन्ही अ‍ॅक्सलना ताकद मिळते. उंच बॉडीमुळे गाडी आडव्या उतारावर लवकर कलंडते. खरेपणासाठी मोजलेली ही किंमत आहे. 2009 ची अ‍ॅक्सियल एससीएक्स10 आणि 2017 ची ट्रॅक्सस टीआरएक्स-4 ही या प्रकाराची ठळक उदाहरणे.

या दोन गाड्यांतून अ‍ॅक्सलचाही फरक कळतो. पहिल्या एससीएक्स10 चा अ‍ॅक्सल सरळ होता. अशा अ‍ॅक्सलच्या मधला गिअरचा फुगीर डबा खाली लोंबतो आणि दगडाला अडकतो. टीआरएक्स-4 मध्ये पोर्टल अ‍ॅक्सल आहे: प्रत्येक चाकापाशी गिअरची एक जोडी असल्याने अ‍ॅक्सल चाकाच्या मध्याहून वर राहतो आणि खालून जास्त जागा मिळते. शेवटची गती चाकापाशीच कमी होत असल्याने शाफ्टवर ताण कमी येतो. जोर लावताच गाडी एका अंगाला पिळवटण्याचे प्रमाणही घटते. मात्र गिअर वाढले की झीज आणि देखभालही वाढते.

स्पर्धेच्या क्रॉलरमध्ये दिसण्याला दुय्यम स्थान असते. खडकांत रोवलेल्या खुणांच्या जोड्यांमधून गाडी न्यायची. खुणेला धक्का लागला किंवा रिव्हर्स घेतला की दंडाचे गुण. चढावर भार मागे सरकून पुढची चाके उचलली जातात, म्हणून मोटर आणि बॅटरी शक्य तितकी पुढे व खाली बसवतात. अ‍ॅक्सियल एक्सआर10 सारख्या गाड्यांत प्रत्येक अ‍ॅक्सलवर स्वतंत्र मोटर असते. मागची चाके रोखून फक्त पुढची फिरवली की गाडी अगदी थोड्या जागेत वळते.

रॉक रेसर आणि बाउन्सर यांना खडकांबरोबर वेगही पेलावा लागतो. त्यांना पाइपांचा पिंजरा, लांब झेपेचे शॉक आणि बहुधा ताकदवान ब्रशलेस मोटर असते. 2014 च्या अ‍ॅक्सियल येटीमध्ये पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि मागे अखंड अ‍ॅक्सल आहे. वेगात अशी गाडी स्थिर राहते. अगदी हळू, मोजून-मापून चढताना ती ट्रेल क्रॉलरइतकी सोयीची नसते.

1:24 ची एससीएक्स24 आणि 1:18 ची टीआरएक्स-4एम हे छोटे क्रॉलर घरातल्या पुस्तकांच्या ढिगावरही चालतात. वजन कमी असल्याने पकड कमी पडते. त्यावर उपाय म्हणून चाकांत किंवा अ‍ॅक्सलवर पितळेचे भाग बसवतात.

नवशिक्यासाठी तयार मिळणारा ट्रेल क्रॉलर सोयीचा. जागा कमी असेल तर छोटा. स्पर्धेची गाडी घेण्यापूर्वी आपल्याकडच्या स्पर्धेचे नियम पाहावेत, कारण रिमचा आकार आणि बॉडीच्या अटी गटागणिक बदलतात.