चितळाला तिथी कळते का?

पौर्णिमेला हरणे जास्त हिंडतात, या समजाला बुद्धपौर्णिमेच्या मचाणाने चांगलेच खतपाणी घातले आहे. आदिलाबादहून पैनगंगा ओलांडली की टिपेश्वर आणि पुढे ताडोबा. तिथे वैशाख पौर्णिमेला पाणवठ्याकाठच्या मचाणावर बसून रात्रभर वन्यप्राणी मोजायची रीत आहे. चितळांचे कळप पाण्यावर येताना दिसतात, हे खरेच. पण ही तिथी चितळाच्या नव्हे, माणसाच्या डोळ्यांच्या सोयीची. टॉर्च न लावता दिसावे एवढ्यासाठीच. शिवाय तोवर नाले आटलेले असतात, उरल्यासुरल्या पाण्यावर सगळ्यांनाच यावे लागते. अमावास्येलाही तहान तेवढीच असते, फक्त मोजणाऱ्याला काही दिसत नाही.

मग चंद्राचा काहीच परिणाम नाही? ओक्लाहोमातल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांना जीपीएस पट्टे बांधून केलेल्या, 2010 साली छापून आलेल्या अभ्यासात चंद्रकलांनी त्यांच्या हालचालीत म्हणावा असा फरक पडला नाही; पहाट आणि तिन्हीसांज हीच फिरण्याची खरी वेळ ठरली. ती हरणे परकी, असे कोणी म्हणेल. पण चितळही मुख्यतः सकाळ-संध्याकाळ चरणारे. सांबर रात्री जास्त फिरते, तेव्हा शोधच घ्यायचा तर सांबराचा घ्यावा. दोघांच्याही डोळ्यांत मागे प्रकाश परतवणारा थर असतो. टॉर्चच्या झोतात डोळे चमकतात ते त्यामुळेच. अंधार त्यांना आपल्याइतका अडवत नाही.

खरा आक्षेप शिकाऱ्याकडून येतो, म्हणजे वाघ-बिबट्याकडून. टांझानियात 1988 ते 2009 या काळात सिंहांनी माणसांवर केलेले हल्ले तपासले, तेव्हा ते पौर्णिमेनंतरच्या दिवसांत वाढलेले आढळले. कारण साधे आहे: चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, त्यामुळे वद्य पक्षात दिवेलागणीनंतर गडद अंधार असतो आणि दबा धरणाऱ्याचे फावते. म्हणजे चंद्राचा परिणाम हरणाच्या पायांपेक्षा शिकाऱ्याच्या यशावर जास्त होतो, असे मला वाटते. तेही सगळीकडे सारखे नाही. 2014 साली 59 सस्तन प्राण्यांवरचे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा डोळ्यांवर विसंबणारे चांदण्यात जास्त वावरतात आणि नाक-कानावर चालणारे बरेच जण आवरते घेतात, असे दिसले. 2012 पासून व्याघ्रप्रकल्प असलेल्या कवालच्या सागवानात तर पावसाळ्यात ढग आणि पानोरा मिळून पौर्णिमाही काळोखी करतात. उन्हाळ्यात पानगळ झाली की तेच चांदणे जमिनीपर्यंत उतरते. माणसाने करायच्या शिकारीवर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, आणि चोरून शिकार करणाऱ्याने शेताच्या धुऱ्यावर सोडलेल्या विजेच्या तारेला तिथी लागत नाही. त्यामुळे वनखात्याने चांदणे पाहून चोरट्या शिकारीविरुद्धच्या गस्तीचे वेळापत्रक आखण्यात फारसा अर्थ नाही.