विजेच्या मोटारींची दिंडी

मोटारींची शर्यत म्हटली की धूळ, कर्कश आवाज आणि घड्याळ हातात धरून उभे असलेले पंच डोळ्यांसमोर येतात. ज्या प्रवासाविषयी आज मी बोलणार आहे त्यात आवाज जवळजवळ नाही. आणि घड्याळ आहे ते वेग मोजण्यासाठी नव्हे, तर गाडी भिंतीवरच्या प्लगाला किती तास लावून ठेवायची हे पाहण्यासाठी. विजेच्या मोटारींचे हौशी मालक पंधरा-वीसच्या संख्येने जमतात आणि आठ-दहा दिवस गावोगाव मुक्काम करीत जातात. याला 'रॅली' म्हणतात. मला स्वतःला 'दिंडी' हा आपला शब्द अधिक जवळचा वाटतो. कारण येथेही चालण्याइतकेच महत्त्व मुक्कामाला आहे.

या प्रथेचा एक मोठा उगम स्वित्झर्लंडात आहे. १९८५ सालच्या जून महिन्यात रोमान्सहॉर्नपासून जिनिव्हापर्यंत 'टूर द सोल' नावाची सूर्यशक्तीवर चालणाऱ्या गाड्यांची शर्यत झाली. कित्येक गाड्या हौशी मंडळींनी स्वतःच जुळवलेल्या. हलकी चाके, बेताचा सांगाडा आणि टपावर पसरलेले सौर पट्टे. पुढे काही वर्षांतच एक शहाणी कल्पना निघाली. हे पट्टे डोक्यावर वाहून न्यायचेच कशाला? ते घराच्या छपरावर असू द्यावेत, त्यांची वीज गावच्या तारांत सोडावी आणि वाटेत लागेल तेथे तेवढीच काढून घ्यावी. बँकेच्या एका शाखेत पैसे भरून दुसऱ्या शाखेत काढावेत, तसाच हा जमाखर्च!

लुई पामर या स्विस शिक्षकाने २००७-०८ मध्ये 'सोलरटॅक्सी' या आपल्या गाडीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली; भारतातूनही तो गेला. मागे जोडलेल्या छोट्या गाड्यावर त्याने सौर पट्टे ओढीत नेले होते. २०१० मध्ये त्याने काढलेल्या 'झीरो रेस'मध्ये मात्र प्रत्येक चमूने आपल्या गाडीपुरती वीज घरी निर्माण करून तारांत सोडावी, असा तो जमाखर्चाचाच नियम होता. २०११ मध्ये पॅरिस ते प्राग अशी 'वेव्ह' नावाची त्याची यात्रा निघाली. पुढे युरोपात तिच्या आणखीही फेऱ्या झाल्या.

आता अशा यात्रेत आपण सामील व्हायचे ठरवले, तर अडचण कोठे येते? लोक म्हणतात, रस्त्यात. गाडी मध्येच बंद पडली तर? छे! रस्त्यात फारसे काही होत नाही. खरी परीक्षा संध्याकाळी असते.

साधा हिशेब करून पाहा. साध्या भिंतीवरच्या प्लगातून तासाला सुमारे ३ युनिट वीज मिळते. म्हणजे रात्रीच्या १० तासांत ३० युनिट. मध्यम आकाराच्या गाडीला १०० किलोमीटरला १५ युनिट धरली, तर उद्याचा टप्पा २०० किलोमीटरांचा ठरला. हे एका गाडीचे झाले. पण वीस गाड्या एकाच अंगणात उतरल्या, की ६० किलोवॅट भार एकदम अंगावर येतो. आणि एखाद्या घराची जोडणी तेवढा भार उचलीत नाही. फ्यूज जातो, यजमानाचे घर अंधारात, आणि पाहुणे ओशाळलेले! म्हणून यात्रेचा खरा कर्ता तो, जो आधी त्या गावी जाऊन कोणत्या भिंतीवर किती प्लग आहेत, ते कोणत्या फेजवर आहेत, हे वहीत लिहून आणतो. गाड्या तिन्ही फेजांवर सारख्या वाटाव्या लागतात. केबल जाड असावी लागते आणि ती रिळावरून पूर्ण उलगडावी लागते. गुंडाळलेली ठेवली तर तापते आणि वितळते. नाव नोंदवणे, वर्गणी भरणे हे सारे सोपे आहे हो. ही केबलची शिस्त अंगी बाणायला वेळ लागतो.

घाटाचे गणित तर फारच गमतीचे. आल्प्समधल्या गॉटहार्ड खिंडीकडे गोशेनेन गावाहून जाताना सुमारे १,००० मीटर चढावे लागते. दीड टन वजनाची गाडी तेवढी उचलण्यास जेमतेम ४ युनिट लागतात. घर्षणाचे, उष्णतेचे धरून थोडी जास्त. आपल्या बोरघाटाचा चढ याच्या निम्म्याच्या आसपास आहे, तेव्हा त्याला किती लागेल हे श्रोत्यांनी स्वतःच काढावे. उतरताना मोटर उलट जनित्रासारखी चालते आणि खर्चाचा बराच भाग परत बॅटरीत येतो. पण तो यायला बॅटरीत जागा हवी! खिंडीवर मुक्काम केला आणि रात्री बॅटरी काठोकाठ भरली, तर सकाळी उतारावर मिळणारी फुकटची वीज घ्यायला जागाच उरत नाही. अनुभवी माणूस डोंगरावर पोट थोडे रिकामेच ठेवतो.

आणखी एक. जथा चालतो तो सर्वांत लहान बॅटरीच्या गाडीच्या बेताने. मोठ्या गाडीच्या मालकाला हे मनापासून पटत नसेल, तर त्याने एकटे फिरावे हे उत्तम.

अशा यात्रांनी साधते काय, असे कोणी विचारील. अमेरिकेतल्या टूर द सोलमध्ये १९९६ साली 'सनराइज' नावाची गाडी एका चार्जवर सुमारे ६०० किलोमीटर गेली होती. ती बाजारात मात्र कधी आली नाही. याउलट, १९९० मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 'सनरनर' ही सौर गाडी घेऊन अमेरिकेतील 'सनरेस' जिंकली. त्या चमूत चेतन मैनी होते, आणि २००१ मध्ये त्यांनीच बंगळूरहून 'रेवा' ही विजेची मोटार बाजारात आणली. तेव्हा रॅलीत गाडी सिद्ध होते, धंदा सिद्ध होत नाही. पण माणसे तयार होतात, हे काही थोडे नाही.

आज महामार्गांवर ५० किलोवॅटचे आणि त्याहून मोठे चार्जर आले आहेत. मग ही प्लगांची कसरत कशाला? एकट्या गाडीला नकोच. पण बहुतेक ठिकाणी असे चार्जर असतात दोन, नाहीतर चार, आणि आपण येतो वीस जण! त्यातून ८० टक्क्यांनंतर बॅटरी वीज हळू घेऊ लागते. एस. टी. भरताना पाहा: पहिले उतारू चटकन बसतात, शेवटच्या दहांना जागा शोधताना कंडक्टरचा जीव मेटाकुटीला येतो. म्हणून यात्रेत ८० टक्के झाले की गाडी काढावी, असा अलिखित नियम असतो. आणि मुक्कामी चार-पाचच प्लग निघाले, तर रात्री पाळ्या लावतात. आपली गाडी पुरेशी भरली असेल, तर दोनच्या सुमारास स्वेटर अंगात घालून उठायचे, आपली केबल सोडवायची, शेजारच्या गाडीला लावायची, तिचा हिरवा दिवा लागला हे पाहायचे आणि परत येऊन झोपायचे.