पुरुषांची एक अबोल तक्रार

आजचा विषय आपल्या घरांत सहसा उच्चारला जात नाहीं. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ सालीं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून अशा प्रश्नांची मराठींत उघड चर्चा केली. तरी लैंगिक दुर्बलता जाणवूं लागली कीं सुशिक्षित गृहस्थही डॉक्टरांस टाळतो आणि भिंतीवरील जाहिरातींतल्या गुप्त औषधांकडे वळतो. म्हणून औषधावांचून करतां येण्याजोगा एक उपाय समजून घेऊं.

इंद्रियास ताठरता येते ती त्यांत रक्त भरल्यानें. परंतु तें रक्त तेथें टिकलेंही पाहिजे. ओटीपोटाच्या तळाशीं स्नायूंची एक झोळी असते. तिच्यालगतचे कांहीं स्नायू इंद्रियाच्या मुळाभोंवतीं असून ते आंवळले कीं आंतील दाब वाढतो. दंडाच्या स्नायूंप्रमाणेंच हेही मेहनतीनें बळकट होतात.

अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनीं १९४८ सालीं, प्रसूतीनंतर मूत्र न आवरणाऱ्या स्त्रियांसाठीं, या व्यायामाचा पुरस्कार केला. पुढें इंग्लंडांत ग्रेस डोरी व त्यांचे सहकारी यांनीं ५५ पुरुषांवर त्याची चांचणी घेतली. ती २००५ सालीं प्रसिद्ध झाली. व्यायाम व राहणींतील सुधारणा यांमुळें सहा महिन्यांनीं शेंकडा ४० जण पूर्ववत् झाले, सुमारें ३५ सुधारले. उरलेल्यांस गुण आला नाहीं. म्हणजे हा रामबाण नव्हे, पण उपेक्षणीयही नव्हे.

वात सरूं नये म्हणून आपण जे स्नायू आंवळतों, तेच हे. गुडघे वाकवून उताणें निजावें. श्वास न कोंडतां, पोट व मांड्या सैल ठेवून, पांच अंक मोजीपर्यंत ते आंवळावे. मग तितकाच वेळ पूर्ण सोडावे. असें दहा वेळां, दिवसांतून दोन-तीनदां करावें. लघवी अडवून मात्र हा व्यायाम करूं नये. कांहींचे स्नायू मुळांतच ताठरलेले असतात. त्यांस आंवळण्यापेक्षां सैल सोडणेंच शिकावें लागतें. यासाठीं आरंभीं फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा.

एक गोष्ट विसरूं नये. या भागांतील रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांहून अरुंद असतात. त्यामुळें हृदयविकाराची पहिली खूण कधीं कधीं येथेंच दिसते. मधुमेहही याच वाटेनें प्रकट होऊं शकतो. तेव्हां आधीं रक्तांतील साखर व रक्तदाब तपासून घ्यावा आणि तंबाखू सोडावी. या तक्रारींत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. ती लपवून ठेवल्यानें मात्र प्राणावर बेतूं शकतें. पत्नीनें धीर द्यावा, पतीनें मन मोकळें करावें. उपचाराचा आरंभ तेथूनच होतो.