चेंडू थांबतो, त्वरण थांबत नाही

सरळ वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच बिंदूवर असताना त्याचं त्वरण किती? कोणत्याही वर्गात विचारा, ‘शून्य’ हे उत्तर हमखास येतं. तिथे वेग शून्य असतो हे खरं. त्वरणाचं तसं नाही.

सेकंदाला २० मीटर वेगाने चेंडू फेकला, हवेचा विरोध सोडून दिला आणि गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरलं, तर ‘क’ सेकंदांनंतरची उंची २०क − ५क² मीटर. तिचं विकलन केलं की वेग मिळतो: २० − १०क. दोन सेकंदांनी तो शून्य होतो, तेव्हा चेंडू २० मीटरवर असतो. वेगाचं पुन्हा विकलन केलं की त्वरण: −१०. यात ‘क’ उरलेलाच नाही; म्हणजे चढताना, माथ्यावर, उतरताना त्वरण तेच. तेही शून्य झालं असतं, तर चेंडू वरच लटकून राहिला असता.

‘ऋण त्वरण म्हणजे वेग मंदावणं’ हा समजही याच चेंडूपुढे टिकत नाही. उतरताना त्वरण −१०च असतं, तरी चाल वाढत जाते. वरची दिशा आपण धन मानली म्हणून ते चिन्ह आलं. वेग आणि त्वरण यांची चिन्हं विरुद्ध असतील तेव्हाच चाल घटते.

तिसरी शंका मात्र खुळी नाही. एका क्षणात अंतर शून्य, काळही शून्य. मग क्षणाचा वेग म्हणजे शून्य भागिले शून्यच ना? बिशप जॉर्ज बर्कली यांनी १७३४ मध्ये न्यूटनच्या पद्धतीला साधारण याच मुद्द्यावर धारेवर धरलं होतं. पण विकलनात शून्याने भागतच नाहीत. आपल्या चेंडूचा पहिल्या सेकंदाच्या टोकापासून पुढे एका सेकंदाचा सरासरी वेग ५ येतो, पुढच्या ०.१ सेकंदाचा ९.५, ०.०१ सेकंदाचा ९.९५. हे आकडे १० च्या हवे तितके जवळ नेता येतात, आणि तो १० म्हणजेच त्या क्षणाचा वेग. ‘हवे तितके जवळ’ याची काटेकोर व्याख्या व्हायला मात्र एकोणिसाव्या शतकातल्या कोशी आणि वायरश्ट्रास या गणितज्ञांची वाट पाहावी लागली.

न्यूटनपूर्वी क्षणिक गतीचा विचारच नव्हता, हेही चूक. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त ग्रहांची तात्कालिक गती आहे; चंद्राची गती इतकी बदलते की दिवसभराच्या सरासरीवर तिथीचा शेवट नेमका काढता येत नाही. तरी ‘कलनशास्त्र भास्कराचार्यांनीच शोधलं’ हे छातीठोक सांगणंही जास्तच झालं: कोणत्याही बदलत्या राशीला लावता येईल अशी सर्वसाधारण पद्धत त्या ग्रंथात नाही.