निर्मात्याच्या खुर्चीतून उठलेला दिग्दर्शक

ॲलन पाकुला यांना ऑस्करची तीन नामांकनं मिळाली, तीही तीन वेगवेगळ्या कामांसाठी: ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’चे (१९६२) निर्माते, ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’चे (१९७६) दिग्दर्शक आणि ‘सोफीज चॉइस’चे (१९८२) पटकथाकार म्हणून. पुरस्कार एकदाही लाभला नाही. त्यांच्या चित्रपटांतल्या ग्रेगरी पेक, जेन फोंडा, जेसन रोबार्ड्स, मेरिल स्ट्रीप यांना मात्र तो मिळाला. यात पाकुलांच्या कामाची रीतच दिसते: माणसं पारखून घ्यायची आणि मग त्यांना मोकळीक द्यायची.

ही रीत निर्मात्याच्या खुर्चीत तयार झाली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९२८ साली पोलिश ज्यू कुटुंबात जन्मलेले पाकुला येल विद्यापीठात नाटक शिकले आणि हॉलिवूडला गेले. १९५७च्या ‘फिअर स्ट्राइक्स आउट’पासून त्यांनी दिग्दर्शक रॉबर्ट मलिगन यांच्या सात चित्रपटांची निर्मिती केली. स्वतः दिग्दर्शनाला हात घातला तो १९६९मध्ये, चाळिशी उलटल्यावर. ‘क्लूट’मध्ये (१९७१) मानसोपचारतज्ज्ञासमोरचं आपलं बोलणं जेन फोंडानं कॅमेऱ्यापुढे आयत्या वेळी रचलं, पाकुलांनी ते रचू दिलं.

खरा कस लागला ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’मध्ये. वॉटरगेट प्रकरण उघडकीस आणणाऱ्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या बातमीदारांची ही गोष्ट; अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन त्या प्रकरणामुळे १९७४मध्येच पायउतार झाले होते, त्यामुळे शेवट सगळ्यांना ठाऊक. उत्कंठा आणायची कुठून? पाकुलांनी ती बातमीदारांच्या रोजच्या कामात शोधली: फोनमागून फोन, खरडलेली टिपणं, तोंडावर बंद होणारी दारं. छायाचित्रकार गॉर्डन विलिस यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ची कचेरी लख्ख उजेडात ठेवली आणि खबऱ्या भेटतो ते पार्किंग काळोखात बुडवलं. ही कचेरी म्हणजे बरबँकच्या स्टुडिओतला सेट. तिथं पसरायला रद्दी मात्र खऱ्या कचेरीतून मागवली होती.

‘सोफीज चॉइस’ची पटकथा त्यांनी विल्यम स्टायरन यांच्या कादंबरीवरून एकहाती लिहिली. नाझी छळछावणीच्या प्रसंगांत इंग्रजी न आणता पोलिश आणि जर्मन ठेवण्याचं धाडस त्यांनी केलं.

पुढचे ‘प्रिझ्यूम्ड इनोसंट’ (१९९०) आणि ‘द पेलिकन ब्रीफ’ (१९९३) तिकीटबारीवर चालले, पण त्यांत जुनी धार नव्हती. १९९८मध्ये लाँग आयलंडवरच्या मोटार अपघातात पाकुला गेले. पत्रकारितेवरचा सिनेमा मात्र अजून त्यांच्याच वाटेनं चालतो. ‘स्पॉटलाइट’मधले (२०१५) बातमीदार जुन्या डिरेक्टऱ्या चाळत, दारोदार फिरत बसतात आणि तेवढ्यावर प्रेक्षक खिळून राहतो.